यंत्र, चित्र आणि चित्रकार

वाचकहो, यंत्राने चित्र काढले, अशी बातमी हल्ली आपल्या कानांवर वरचेवर पडते. ती ऐकून कोणी थक्क होतो, तर कोणी म्हणतो की आता चित्रकाराचे दिवस भरले. या दोघांची एक समजूत मात्र सारखीच असते, आणि ती अशी की हे सारे काल-परवा एकाएकी घडले. तसे ते नाही. या गोष्टीला चांगला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिल्यावाचून ‘हे चित्र कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ जाणे म्हणजे कागदपत्रे न वाचता खटल्याचा निकाल सांगणे होय.

मूळ कल्पना तर त्याहूनही जुनी. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने एका गणनयंत्राचा आराखडा केला होता. ते यंत्र कधी पुरे झाले नाही. पण त्यावर १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने टिपणे लिहिली. स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसवता आले तर असे यंत्र संगीतरचनाही करील, असे तिने त्यांत म्हटले. आणि त्याच टिपणांत तिने बजावलेही, की यंत्र आपण होऊन नवे काही निर्माण करण्याचा दावा करीत नाही. आपण सांगू तेच ते करते. पुढचा सारा वाद या दोन विधानांच्या मधल्या जागेत चालला आहे, असे म्हटले तरी चालेल.

लव्हलेसबाईंचे पहिले भाकीत खरे ठरायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. ती १९५७ साली पुरी झाली. चित्रांची पाळी त्यानंतर आली. १९६५ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे गेऑर्ग नेस यांची आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे मायकेल नोल व बेला युलेस यांची संगणकचित्रे लोकांपुढे मांडली गेली.

ही चित्रे होती तरी कशी? आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण करा. ठिपके किती, ओळी किती, रेघ कुठून कुठे न्यायची, याचा नियम ठरलेला असतो. नेस यांनी असाच नियम यंत्राला दिला, आणि जोडीला थोडी यदृच्छा दिली. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात बारा-बारा चौकोनांच्या बावीस ओळी आहेत. वरच्या ओळी अगदी शिस्तीत. पण खाली येता येता चौकोन कलंडतात, सरकतात, आणि तळाशी खडीचा ढीग पडावा तसे विस्कटतात. नियम आणि योगायोग यांचे प्रमाण किती ठेवायचे, हे ठरवणारा माणूस. रेघ ओढणारे यंत्र. इथवर कोणाला शंका नव्हती.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या व्हेरा मोल्नार या हंगेरियन चित्रकर्तीची हकीकत तर याहून बोलकी आहे. १९५९च्या सुमारास त्यांना संगणक मिळण्याची सोय नव्हती. म्हणून काय करावे? त्यांनी मनातल्या मनात एक यंत्र कल्पिले, स्वतःलाच नियम घालून दिले, आणि ते नियम पाळीत हाताने चित्रे काढली! खरा संगणक त्यांच्या वाट्याला आला तो १९६८ साली. म्हणजे बघा, नियमाने चित्र काढण्याची भूक आधी होती. यंत्र मागाहून आले. मोल्नारबाई २०२३ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या.

आता या इतिहासातला सर्वांत चिकाटीचा माणूस पाहू. हॅरल्ड कोहेन हा लंडनचा चित्रकार, जन्म १९२८ चा. १९६६ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात ज्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, त्यांत तो होता. म्हणजे हातात कसब नाही म्हणून यंत्राकडे वळलेला हा गृहस्थ नव्हे. १९६८ साली तो कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो विद्यापीठात गेला आणि तिथे, चाळिशीच्या उंबरठ्यावर, संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या शिकला. त्याला एक प्रश्न छळीत होता: कागदावरच्या चार रेघा केव्हा नुसत्या रेघा राहतात, आणि केव्हा त्या चित्र होतात? कॅलिफोर्नियातल्या खडकांवर आदिवासींनी कोरलेल्या प्राचीन आकृत्यांनी त्याला याच प्रश्नाकडे ढकलले. त्या आकृत्यांचा अर्थ आज सांगता येत नाही, तरी पाहणाऱ्याला त्यांत अर्थ भासतो. हे कसे?

उत्तर शोधण्यासाठी त्याने एक आज्ञावली लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘आरन’. बंद आकार कोणता, उघडा कोणता, आत काय, बाहेर काय, एवढीच समज त्याने आधी तिला दिली. मग प्रदर्शनात एक चाकांचे यंत्र, त्याला ते लोक ‘कासव’ म्हणत, जमिनीवर पसरलेल्या कागदावर आरनची रेखाटने काढीत फिरत होते. पुढे आरनला झाडे काढता येऊ लागली, माणसे काढता येऊ लागली. लक्षात घ्या, आरनने जगातले एकही चित्र पाहिले नव्हते. कोपर कुठे वाकते, मान किती वळते, फांदीला फांदी कशी फुटते, हे सगळे कोहेनने नियम करून एकेक तिच्या पदरात घातले. रंग मात्र तो बराच काळ स्वतःच भरी. १९९५ साली बॉस्टनच्या संगणक-संग्रहालयात त्याने आरनकडून रंगही भरवून दाखवले. जवळजवळ पंचेचाळीस वर्षे एकच आज्ञावली वाढवीत राहणे, याला व्यासंग नाही तर काय म्हणायचे?

इथवरचा काळ नियमांचा. यानंतर जो बदल झाला तो मुळातला आहे, तेव्हा तो नीट समजून घ्या. नव्या पद्धतीत यंत्राला नियम देत नाहीत, नमुने देतात. त्यांतून नियम त्याने आपणच काढायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर, व्याकरण न शिकवता मूल ऐकून ऐकून बोलू लागते, तसे. २०१४ साली इअन गुडफेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. एक यंत्रणा खोटी नाणी पाडणारी, दुसरी ती पारखणारी सराफ. सराफाने खोटे पकडले की पहिलीने सुधारायचे; पहिली सुधारली की सराफाने अधिक डोळस व्हायचे. या झटापटीत शेवटी नाणे असे काही पडते, की सराफही फसावा.

याच युक्तीने पॅरिसच्या ‘ऑब्व्हियस’ नावाच्या त्रिकुटाने चौदाव्या ते विसाव्या शतकांतील सुमारे १५,००० व्यक्तिचित्रे यंत्राला दाखवून एक तसबीर तयार केली. २०१८च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात तिला ४,३२,५०० डॉलर मिळाले. अंदाज होता सात ते दहा हजारांचा. सहीच्या जागी गणिताचे सूत्र! पण लगेच कुजबूज सुरू झाली. रॉबी बॅरट या तरुण कलावंताने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आज्ञावलीचा या मंडळींनी आधार घेतला होता. मग मानकरी कोण? पैसे घेणारे, आज्ञावली लिहिणारा, की ते शेकडो जुने चित्रकार?

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. ॲना रिडलर ही ब्रिटिश चित्रकर्ती ट्यूलिपच्या हंगामात हॉलंडमध्ये जाऊन राहिली. तिने दहा हजार फुलांचे फोटो स्वतः काढले, आणि प्रत्येकावर रंग, पट्टे, उमलणे यांची नोंद स्वतःच्या हाताने केली. मग ते यंत्रापुढे ठेवले. यंत्राने काढलेल्या फुलांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावाबरोबर बदलत राहतील, अशी तिने योजना केली. सतराव्या शतकात हॉलंडात ट्यूलिपच्या कंदांचा जो सट्टा माजला होता, त्याचीच ही आठवण. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे. पण इथे ‘चित्र कोणाचे?’ हा प्रश्न विचारावासाही वाटत नाही. नमुने तिचे, कष्ट तिचे, विचारही तिचा.

२०२२ सालापासून तिसरा काळ सुरू झाला. आता नियम नको, नमुने गोळा करायला नकोत. चार शब्द लिहा, चित्र हजर. या यंत्रांना शिकवताना आधी चित्रांवर हळूहळू धूळ चढवतात आणि मग ती पुसायला शिकवतात. शिकल्यावर ते निव्वळ धुळीतूनही चित्र उकलते. पण कोणती चित्रे त्यांना दाखवली? अशा शिकवणीसाठी वापरात आलेल्या एका संग्रहात ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने यांचे दुवे आहेत. हे सारे इंटरनेटवरून उचललेले, काढणाऱ्यांना न विचारता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकार याच कारणावरून कोर्टात गेले. तिकडे कोलोरॅडोच्या जत्रेत २०२२ साली बक्षीस मिळवणाऱ्या यंत्रचित्राच्या कर्त्याने निदान ६२४ वेळा शब्द बदलून पाहिल्याचे सांगितले. तरी यंत्राचा भाग वगळून नोंद करायला तो राजी होईना, म्हणून कॉपीराइट कचेरीने त्याचा अर्ज फेटाळला.

कोणी म्हणेल, माणूसही दुसऱ्यांची चित्रे पाहूनच शिकतो, मग यंत्राने काय घोडे मारले? आक्षेप खोटा नाही. पण आपल्या गायकांची रीत आठवा. उस्तादाचे नाव ओठांवर येताच गवई कानाच्या पाळीला हात लावतो. त्याने विद्या घेतली, पण घेतल्याची कबुली दिली. आणि तालमीच्या मोबदल्यात गुरूची सेवाही केली. या नव्या व्यवहारात ना कबुली आहे, ना मोबदला, ना कोणाची परवानगी. यंत्राला कान नाहीत हे ठीक. ते चालवणाऱ्यांना तर आहेत ना?

तेव्हा वाचकहो, यंत्राचे चित्र पुढे आले की ‘हे खरे का खोटे’ एवढ्यावर थांबू नका. यात निवड कोणाची, कष्ट कोणाचे, आणि ज्यांचे घेतले त्यांना विचारले होते का, हेही पाहा. मोल्नार, कोहेन, रिडलर या कसोटीला उतरतात. आणि कोहेनचे शेवटचे दिवस तर लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०१६ साली तो वारला, त्याआधीच्या वर्षांत रेखाटन आरनचे असे. पण मोठ्या पडद्यावर त्यात रंग भरायला म्हाताऱ्याने पुन्हा स्वतःचे बोट पुढे केले होते.