हिवाळी ट्रायथलॉन
बर्फावर धावणे, माउंटन बाइक चालवणे आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग या क्रमाने सलग पार पाडायची सहनशक्तीची शर्यत. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1997 मध्ये स्पेनमधील हाका येथे झाली. ऑलिंपिकमध्ये या खेळाला अजून स्थान नाही. प्रमाणित शर्यतीत साधारण 7 ते 9 किमी धाव, 12 ते 14 किमी सायकल आणि 10 ते 12 किमी स्कीइंग असते. बर्फाच्या स्थितीनुसार अंतरे बदलतात.

नवोदिताची खरी कसोटी स्कीइंगमध्ये लागते. धावण्याचा दम कमावता येतो, पण एका स्कीवर तोल सांभाळत घसरत राहण्याचे तंत्र अंगी मुरायला वेळ लागतो. म्हणून बर्फ नसलेल्या महिन्यांत चाके लावलेल्या रोलर-स्कीवर सराव करतात. शिवाय शर्यतीत स्कीइंग शेवटी येते, तेव्हा पाय आधीच थकलेले असतात. सायकलवरून उतरून लगेच स्की चढवण्याचा सराव त्यामुळे टाळू नये. मऊ बर्फावर पकड मिळावी म्हणून टायर रुंद घेऊन त्यांतील हवा कमी ठेवतात. चाके रुतली, तर सायकल ढकलत धावायची मुभा असते. कपडे मात्र बेताचेच असावेत, कारण घामाने भिजलेला जाड थर उतारावरच्या वाऱ्यात शरीर झपाट्याने गारठवतो.