बोराएवढी गाठ

मेहरूणच्या बोरांचं कौतुक मलाही आहे. पण इथल्या एखाद्या बाईने हलक्या आवाजात 'बोराएवढी लागतेय हाताला' असं म्हटलं की पोटात गोळा येतो. छातीतल्या गाठीचं माप सांगायला आमच्याकडे बोरच लागतं. पुढचं वाक्यही ठरलेलं: "दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?" आणि सोनोग्राफी करून घ्या म्हटलं तर, "अगं बाई, या वयात? मला काय दिवस गेलेत?"

ऐकून हसू येतं, पण या उत्तरामागे मोठा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. जॉन वाइल्ड नावाचा इंग्लंडहून आलेला शल्यविशारद अमेरिकेत मिनियापोलिसला काम करत होता. वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी नौदलाने बनवलेलं एक यंत्र त्याच्या हाती लागलं. आवाज पाठवायचा, आदळून परत आलेला प्रतिध्वनी टिपायचा, एवढंच तत्त्व. त्याने ते आधी आतड्यावर वापरलं. मग जॉन रीड या अभियंत्याच्या मदतीने स्तनातल्या गाठी तपासल्या आणि १९५२ मध्ये निष्कर्ष छापले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा गर्भाची चित्रं दाखवणारा प्रसिद्ध लेख आला १९५८ मध्ये. म्हणजे बघा, पोटातलं बाळ दाखवण्याआधीच या तंत्राने बाईची स्वतःची गाठ पाहिली होती!

आपल्याकडे मात्र क्रम उलटा झाला. सोनोग्राफी घराघरात पोचली ती मुलगा की मुलगी या प्रश्नापायी. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वात आधी गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ वर आल्या. सर्वात वाईट जिल्ह्यांच्या यादीत आपलं जळगावही होतं. म्हणून प्रत्येक केंद्राच्या दारावर ती पाटी असते, आणि असायलाच हवी. पण ती वाचून वाचून सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं.

खरं तर स्तनाची सोनोग्राफी अगदी साधी असते. थंडगार जेल लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही. मग हातात मावेल असा प्रोब फिरवतात. त्यातून सेकंदाला साधारण सत्तर लाख ते दीड कोटी कंपनांचा, आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज जातो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते.

पडद्यावर काय दिसतं? पाण्याने भरलेली गाठ काळीभोर आणि नितळ दिसते; ती बहुधा निरुपद्रवी. तरुण मुलींमधली फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ गुळगुळीत, आडवी, लांबट गोल. कडा वेड्यावाकड्या, आडवी कमी नि उभी जास्त, मागे काळी सावली, अशी गाठ असेल तर डॉक्टर सावध होतात. काखेतल्या गाठीही बघतात. संशय आला तर त्याच पडद्यावर बघत सुईने तुकडा काढतात, आणि कॅन्सर आहे की नाही हे त्या तुकड्याच्या तपासणीतूनच ठरतं.

मर्यादाही आहेत. चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीत जितके स्पष्ट दिसतात तितके इथे दिसत नाहीत. म्हणून चाळिशीनंतर अनेकदा दोन्ही तपासण्या सांगतात. पंचविशीतल्या मुलीचे स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं. तिथे आधी सोनोग्राफीच कामाची. आणि सोनोग्राफीत काही नाही आलं, तरी हाताला लागणारी गाठ डॉक्टरांना पुन्हा दाखवायचीच.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही आवर्जून सांगायला हवं. पण न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, असं मुळीच नाही. इतकी वर्षं आपण या यंत्राला पोटातल्या जिवाबद्दल नको तो प्रश्न विचारला. आता ज्या बाईचं ते पोट, तिच्याबद्दलही विचारू या. तेवढा वेळ तिच्यासाठी घरात कुणीतरी काढायला हवा.