मोरचुदाचं पिंप

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाची गोष्ट निघाली, की म्हातारी माणसं ओझरचं नाव घेतात. १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी तिथं बाग लावली. माझ्या आजोबांच्या बागेत भोकरी होती, पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवलेली. पुढं थॉमसन आली, लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव आला, जीएच्या पाण्यात घड बुडवणं आलं. आणि बांधावर फवारणीचं पिंप आलं, ते कायमचं.

त्या पिंपातलं एक जुनं औषध म्हणजे बोर्डो. मोरचूद आणि चुना. त्याचा जन्म फ्रान्समधला. मेडॉक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे शिंपडायचे, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की नेमक्या त्याच वेली डाऊनीतून वाचल्यात. १८८५ मध्ये त्यांनी कृती छापली. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला.

बोर्डोवर भागलं असतं तर बरं. पण आम्ही थांबलो नाही. भुरीला एक, डाऊनीला दुसरं, वाढ रोखायला तिसरं. २०१० मध्ये त्या तिसऱ्याचाच अंश युरोपात सापडला, क्लोरमेक्वाटचा, आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. तोवर आमचं दुसरंच दुखणं सुरू होतं. २००१ मध्ये सरकारनं वाइन उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा मी एकरभर शिराज लावली होती. आबा माळकरी. ते एवढंच म्हणाले, "लाव. पण मला त्या बागेत पाणी द्यायला सांगू नको."

मंदी आली आणि करार केलेली कंपनी माल न्यायला फिरकलीच नाही. घड वेलीवर सुकले. सोसायटीचं कर्ज तसंच. शेजाऱ्यांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीनं काढल्या. मीही कुऱ्हाड घासून ठेवली होती.

तेव्हा परवाना असलेला एक छोटा वायनरीवाला मित्र म्हणाला, "सहा ओळी मला बिनविषारी करून दे. यीस्टची पुडी न घालता बघू काय होतं." शेणखत, जीवामृत, ट्रायकोडर्मा आणि लागलाच तर हलका बोर्डो, एवढंच ठरलं. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी लागला. सहापैकी चार ओळींचे घड डाऊनीनं जळाले. बायको म्हणाली, "आता तरी शहाणे व्हा."

उरलेल्या दोन ओळींची द्राक्षं फेब्रुवारीत मित्राकडे नेली. एका पिंपात ती, दुसऱ्यात बाकीच्या फवारलेल्या बागेतली. दोन्ही चुरडली आणि कापड बांधलं. तिसऱ्या दिवशी आमचं पिंप फसफसायला लागलं, साली वर आल्या. फवारलेलं पाचव्या दिवशीही गप्प. मित्र म्हणाला, "सालीवरचं रानटी यीस्टच साखर खातं. तू गंधक आणि बुरशीनाशकं मारून त्याला आधीच मारलंस." जॉर्जिया देशात लोक मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात अशीच वाइन करतात, हेही त्यानंच सांगितलं. मला आमच्या वाड्यातलं धान्याचं पेव आठवलं.

एक दिवस आबा माझ्याबरोबर आले. चव घेणार नव्हतेच. पिंपाला कान लावून उभे राहिले.

"काय घातलंस यात?"

"काही नाही, आबा. नुसती द्राक्षं."

"मग उकळतंय कसं?" जरा थांबून तेच म्हणाले, "जीवामृताचं पिंप असंच बोलतं की रे."

परतताना गाडीत ते गप्प होते. घरी आल्यावर मला न विचारता त्यांनी कुऱ्हाड माळ्यावर टाकली.

आज अर्धा एकर शिराज उभी आहे. त्यावर श्रीमंत झालो नाही. थॉमसननंच कर्ज फेडलं. पावसाळी वर्षात बोर्डो अजून मारावा लागतो. पण आता पिंपात काही घालण्याआधी हात जरा थांबतो. आणि त्या अर्ध्या एकराला पाणी आबाच देतात.