कारागृहातील खातेनिहाय चौकशी : जालना आणि मराठवाड्याच्या संदर्भात

तुरुंगातल्या कर्मचाऱ्याने केलेल्या गैरवर्तनाची चौकशी तुरुंगखात्यानेच करायची, ही रीत महाराष्ट्रात इंग्रजी अमलापासून चालत आली आहे. जालन्याच्या जिल्हा कारागृहातल्या एखाद्या शिपायावर बंद्याला मोबाइल पुरवल्याचा आरोप झाला, तर पहिला अहवाल अधीक्षक तयार करतात. तिथून कागद छत्रपती संभाजीनगरला मध्य विभागाच्या कारागृह उपमहानिरीक्षकांकडे आणि प्रकरण मोठे असेल तर पुण्याला कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयात जातात. आरोप करणारा बंदी, आरोप झालेला शिपाई, साक्ष देणारा हवालदार आणि चौकशी करणारा अधिकारी हे सगळे एकाच तटाच्या आतले किंवा एकाच खात्याच्या पगारपत्रकावरचे असतात. या कामाच्या अडचणींचे मूळ इथे आहे, आणि गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत बाहेरची नजर आत नेण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचेही.

कंपनी सरकारच्या तुरुंगांची पहिली मोठी पाहणी 1836 साली नेमलेल्या तुरुंग शिस्त समितीने केली. मेकॉले तिचा सदस्य होता. 1838 च्या अहवालात समितीने कनिष्ठ नोकरवर्गाची लाचखोरी, ढिली शिस्त आणि कैद्यांना रस्त्याच्या कामावर बाहेर नेण्याची पद्धत यांवर बोट ठेवले. त्यातून पुढे तुरुंगांवर महानिरीक्षक नेमण्याची प्रथा पडली. वायव्य प्रांतात हे पद 1844 मध्ये निर्माण झाले. 1864 च्या समितीने जिल्हा तुरुंगाची अधीक्षकी सिव्हिल सर्जनकडे द्यावी असे सुचवले. कैद्यांच्या आरोग्याला त्याचा फायदा झाला, पण शिस्तीच्या दृष्टीने हा सौदा महागात पडला असे म्हणावे लागते. डॉक्टरसाहेब दवाखाना सांभाळून तुरुंगात येत, आणि उरलेला सगळा वेळ तुरुंग जेलरच्या हाती असे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच माहितीवर लक्ष ठेवणारा अवलंबून राहिला.

1894 चा कारागृह अधिनियम हा या विषयाचा पाया. कैद्यांशी कोणताही आर्थिक व्यवहार करायला आणि तुरुंगाच्या ठेक्यात हितसंबंध ठेवायला त्याने अधिकाऱ्यांना मनाई केली. मनाई केलेली वस्तू आत नेणाऱ्याला, आणि ती जाणूनबुजून आत जाऊ देणाऱ्या अधिकाऱ्यालाही, कलम 42 खाली मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड होता. कलम 54 खास नोकरवर्गासाठी लिहिलेले आहे. कर्तव्यात कसूर, रजा संपूनही हजर न होणे, परवानगीवाचून दुसरा उद्योग करणे आणि भित्रेपणा या गुन्ह्यांसाठी दंडाधिकाऱ्यापुढे दोष सिद्ध झाल्यास 200 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. दंगलीच्या वेळी फाटकापासून पळून जाणाऱ्या शिपायाची धास्ती त्या काळच्या सरकारला किती होती, ते ‘भित्रेपणा’ या एका गुन्ह्यावरून दिसते.

चौकशीच्या दृष्टीने मात्र कलम 12 जास्त कामाचे आहे. दाखल झालेल्या कैद्यांची नोंदवही, सुटकेच्या तारखांची वही, शिक्षेची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही आणि कैद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवणे त्याने सक्तीचे केले. तुरुंगातला माणूस बोलायला कचरतो. वही निदान खोटी लिहावी लागते, आणि खोटी लिहिलेली वही दुसऱ्या वहीशी ताडता येते. फाटकावरच्या नोंदीत भाजीची गाडी दुपारी आत आलेली दिसते आणि कोठारात माल सकाळीच जमा झालेला असतो, अशा विसंगतीवर आजही चौकशी अधिकाऱ्याचा पहिला डोळा असतो.

याच कायद्याने कैद्यांमधून नेमलेल्या पहारेकऱ्यांना भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक मानले. वॉचमन, ओव्हरसियर, वॉर्डर अशी त्यांची चढती श्रेणी होती. शिपायांचा पगार वाचवणारी ही व्यवस्था सरकारला स्वस्त पडे, पण एका कैद्याला दुसऱ्यावर सत्ता देऊन तिने तक्रारींची न संपणारी वाट उघडली. 1919-20 च्या भारतीय कारागृह समितीने या पद्धतीवर टीका केली. तरी ती लगेच बंद झाली नाही.

जालना या सगळ्याच्या बाहेर होते, कारण ते निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप लागू होत नसे. 1865 मध्ये निजामाचा दिवाण सालारजंग याच्या जिल्हाबंदीनंतर, म्हणजे राज्याच्या जिल्हावार फेरमांडणीनंतर, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार अशी रचना झाली. जालना हा औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातला एक तालुका राहिला. जालन्याला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी असली तरी जिल्ह्याचा मोठा तुरुंग औरंगाबादेस होता, आणि लांब शिक्षेच्या कैद्याची रवानगी तिकडे होई. 1938 च्या स्टेट काँग्रेस व आर्य समाजाच्या सत्याग्रहांत निजामी तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले. वाईट अन्न आणि मारहाण यांच्या तक्रारी तेव्हा संस्थानाबाहेरच्या वर्तमानपत्रांतून गाजल्या, कारण संस्थानाच्या आत त्या ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. तुरुंगांचा कारभार पुण्याहून चालू लागला. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला, पण पुढे बराच काळ इथले बरेचसे कच्चे कैदी आणि सगळेच पक्के कैदी औरंगाबादच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहातच जात. तालुक्याच्या दुय्यम कारागृहांची गोष्ट निराळी होती. तिथली जबाबदारी महसूल खात्याच्या तहसीलदाराकडे, तर पहारा पोलिसांकडे. त्यामुळे गैरप्रकार झाला तर तहसील कार्यालयातल्या कर्मचाऱ्याची चौकशी महसूल खाते करी आणि पहारेकरी पोलिसाची चौकशी मुंबई पोलीस अधिनियम, 1951 आणि त्याखालचे 1956 चे शिक्षा व अपील नियम यांप्रमाणे पोलीस अधीक्षक करीत. कैद्याच्या कोठडीत घडलेल्या एकाच प्रकाराच्या दोन फायली दोन कार्यालयांत सुरू होत, आणि दोन्हींचे निष्कर्ष जुळतीलच याची खात्री नसे. जिल्हा कारागृह झाल्यावर त्याच्यापुरता तरी हा घोळ मिटला.

कारागृहाच्या शिपायाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू होतात. कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी प्राथमिक चौकशी होते. यात जबाब घेतले जातात, पंचनामा होतो, झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी होते आणि आता सीसीटीव्हीचे चित्रण जप्त केले जाते. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जात असल्याने इथला उशीर पुढे भरून निघत नाही. आरोपात तथ्य दिसले तर दोषारोपपत्र दिले जाते. दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी चार जोडपत्रे त्याला असतात. मग चौकशी अधिकारी आणि खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमला जातो. आरोप असलेला कर्मचारी, म्हणजे अपचारी, बचाव सहायक घेऊ शकतो. प्राथमिक चौकशी करणारा अधिकारी पुढे साक्षीदार होण्याचा संभव असल्याने त्यालाच चौकशी अधिकारी नेमू नये, हे तत्त्व आहे. मोठ्या शिक्षेसाठी नियम 8 ची पूर्ण चौकशी लागते. ठपका किंवा वेतनवाढ रोखण्यासारख्या किरकोळ शिक्षेला नियम 10 ची आटोपशीर पद्धत पुरते. या सगळ्याचे बारकावे 1991 च्या विभागीय चौकशी नियमपुस्तिकेत दिले आहेत, आणि फायली बहुधा गुणदोषांवर पडण्याऐवजी या बारकाव्यांच्या चुकांवर पडतात.

पुराव्याचा प्रश्न त्याहून अवघड. जिल्हा कारागृहात मुख्यतः न्यायाधीन बंदी असतात. तक्रार करणारा चार महिन्यांत जामिनावर सुटतो आणि भोकरदन किंवा मंठ्याकडच्या आपल्या गावी जातो. समन्स गेले तरी तो पुन्हा कारागृहाच्या कार्यालयात यायला राजी नसतो. आत उरलेल्याला त्याच शिपायाच्या पहाऱ्यात रात्र काढायची असते. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचा झुकाव पुरेसा असतो. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग (1977) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बसवाहकाच्या प्रकरणात प्रवाशांची साक्ष झाली नाही म्हणून चौकशी रद्द करता येणार नाही असे सांगितले. ज्या खात्यात साक्षीदार हाती लागत नाहीत, त्या खात्याला हा निकाल विशेष उपयोगी ठरला.

बाहेरून येणारा धक्का बहुधा न्यायालयांकडून आला. सुनील बत्रा या कैद्याने दिल्लीच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा पैशांसाठी छळ केल्याची तक्रार होती. डिसेंबर 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र याचिका मानून जिल्हा न्यायाधीशांच्या तुरुंग-भेटींना आणि तक्रारपेट्यांना बळ दिले. मुंबईत पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून 1983 मध्ये कोठडीतल्या महिलांच्या संरक्षणासाठी निर्देश निघाले. कोठडीत मृत्यू झाल्यास 24 तासांत कळवावे असा आदेश राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 1993 मध्ये दिला, आणि 2006 पासून कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी बंधनकारक झाली. जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. इंग्लंडने मे समितीच्या 1979 च्या अहवालानंतर तुरुंगखात्यापासून वेगळा मुख्य निरीक्षक नेमला. महाराष्ट्रात तसे पद आले नाही.

अंतर्गत चौकशीची मर्यादा सर्वांत उघडी पडली ती भायखळ्याच्या महिला कारागृहात. 23 जून 2017 रोजी मंजुळा शेट्ये या शिक्षाबंदी महिलेचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव शिधा कमी आल्याबद्दल विचारल्यावरून वाद सुरू झाला, असे बंद्यांनी सांगितले. ती स्वतः वॉर्डरचे काम करीत होती. एक महिला तुरुंगाधिकारी व पाच शिपाई यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. खात्याच्या वतीने चौकशी करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याने आरोपी कर्मचाऱ्यांच्या बाजूने संदेश पाठवल्याचे उघड झाल्यावर त्या अधिकाऱ्याला चौकशीतून दूर करण्यात आले. त्याआधी दोन वर्षे, 31 मार्च 2015 रोजी, नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले होते. त्यानंतरच्या झडत्यांत मोबाइल फोन सापडत गेले, अधीक्षकासह अधिकारी निलंबित झाले आणि झडती व दक्षतेचे काम कडक करण्यात आले.

लाचेचा प्रकार असेल तर सापळा लावण्याचे काम 1957 मध्ये स्थापन झालेल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे. जालन्याचे पथक छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्राखाली येते. सापळ्याचा खटला न्यायालयात चालू असतानाही खातेनिहाय चौकशी चालवता येते, पण साक्षीदार तेच असल्यास खाती सहसा निकालाची वाट पाहत बसतात. निलंबित शिपाई तोपर्यंत निर्वाह भत्त्यावर असतो. दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांहून जास्त निलंबन चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी प्रकरणात 2015 मध्ये सांगितले, आणि महाराष्ट्र शासनाने 2019 मध्ये त्यानुसार निर्णय काढला.

चौकशी अहवालाची प्रत अपचाऱ्याला शिक्षेआधी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या मोहम्मद रमजान खान (1990) आणि बी. करुणाकर (1993) या निकालांपासून त्यात तडजोड नाही. शिक्षेविरुद्ध खात्यात अपील आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. 1991 पासून काम करणाऱ्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला असल्याने जालन्याच्या कर्मचाऱ्याला मुंबई गाठावी लागत नाही. कर्मचारी निवृत्त झाला तर 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 लागू होतो. आधी सुरू झालेली चौकशी पुढे चालते, नवी सुरू करायला शासनाची मंजुरी लागते, आणि चार वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी ती सुरूच करता येत नाही.