बोथट नाक

बाणाचं टोक अणकुचीदार असतं, लढाऊ विमानाचं नाकही. मग आकाशातून कोसळणारं यान उलट्या बशीसारखं बोथट का करतात, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. एकेकाळी मोठमोठे अभियंतेही टोकदार नाकाच्याच मागे होते, हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं!

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन यांनी हे उलटं गणित मांडलं. प्रश्न होता क्षेपणास्त्रांचा. टोकदार वस्तूला आघात-तरंग अगदी चिकटून राहतो आणि उष्णता तिच्या अंगात शिरते. बोथट वस्तू समोरची हवा दाबत जाते, तरंग तिच्यापासून थोडा दूर उभा राहतो, आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच बाजूने निघून जाते. ॲलन आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड एगर्स यांचा अहवाल काही वर्षं गुप्त राहिला. पुढे मर्क्युरी, अपोलो याच वाटेने परतली.

खरी परीक्षा मात्र गुरूवर झाली. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओचं उपयान सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने त्या वातावरणात घुसलं. समोरचा वायू सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक तापला. ३३९ किलोच्या उपयानात १५२ किलो निव्वळ उष्णताकवच! त्यातलं सुमारे ८० किलो जळून गेलं. जळायचंच होतं ते; कवच स्वतः वाफ होऊन उष्णता घेऊन जातं.

जळून उरलेलं कवच गुरूतच पडलं, ते कोण मोजणार? पण आत झीज टिपणारे संवेदक पुरले होते. त्यांनी सांगितलं, की नाकाशी झीज अंदाजापेक्षा बरीच कमी, आणि कडेला बरीच जास्त. कडेचं कवच मुळात ५.४ सेंटीमीटर जाड. त्यातलं सेंटीमीटरभर काय ते शिल्लक! म्हणजे गणित दोन्हीकडे चुकलं होतं, आणि उपयान वाचलं ते कडेला ठेवलेल्या जादा जाडीमुळे. त्यानंतर सुमारे ५८ मिनिटं ते बोलत राहिलं.

चूक कुठे झाली? कवचातून निघालेली कार्बनची वाफ नाकाशी उष्ण प्रकाश अडवते, आणि कडेकडे जाताना प्रवाह खवळवते, असं पुढच्या गणितांतून दिसू लागलं. पडताळा घ्यायचा तर एम्समध्ये हायड्रोजन-हेलियमचा तप्त झोत सोडणारी, याच मोहिमेसाठी उभारलेली भट्टी हवी होती. ती तोवर मोडून टाकलेली होती.