नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस: बाल्मरच्या सूत्राची कुळकथा

काचेच्या नळीत विरळ हायड्रोजन भरून त्यातून वीज सोडली की गुलाबीसर उजेड पडतो. तो लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. काळोखात चार सुट्या रेषा उमटतात: एक तांबडी, एक निळसर हिरवी आणि दोन जांभळट. स्वीडनच्या आँगस्ट्रॉमने त्यांच्या तरंगलांब्या फार काटेकोरपणे मोजल्या. त्या भरल्या ६५६.२१०, ४८६.०७४, ४३४.०१ आणि ४१०.१२ नॅनोमीटर. या आकड्यांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न पुढे अनेकांना छळत राहिला.

पहिले उत्तर संगीताच्या वाटेने आले. छेडलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे स्वरही निघतात. अणूही तसाच कंप पावत असावा, असे धरून आयर्लंडच्या जॉर्ज जॉन्स्टन स्टोनीने १८७१ मध्ये दाखवले की तीन रेषांच्या कंपनसंख्या २० : २७ : ३२ या प्रमाणात आहेत. हिशेब चोख होता. मात्र ४३४ ची रेषा त्यात बसेना, आणि विसाच्या खालचे स्वर का उमटत नाहीत तेही सांगता येईना.

स्वित्झर्लंडमधील बाझेल इथे योहान याकोब बाल्मर मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. आकड्यांतल्या प्रमाणबद्धतेची त्याला मनापासून ओढ होती. बायबलमधील एझेकिएलच्या मंदिराच्या रचनेवरही त्याने लिहिले होते. साठीच्या उंबरठ्यावर तो या चार आकड्यांकडे वळला. तार, स्वर, कंपन असले कुठलेच चित्र त्याने गृहीत धरले नाही. चौघांना मिळून एक सामाईक संख्या आहे का, एवढेच तो शोधत राहिला. ती सापडली: ३६४.५६. तिला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनी गुणले की चारही रेषा मिळतात.

हे अपूर्णांक ओबडधोबड वाटतात. पण दुसऱ्याचा आणि चौथ्याचा अंश-छेद चारने गुणा: ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग, आणि खाली तेच वर्ग, प्रत्येकातून ४ वजा केलेले! ते ४ म्हणजे २ चा वर्ग. स्टोनीचे २०, २७, ३२ देखील यातच दडलेले होते, कारण ५/९, ३/४ आणि ८/९ यांना ३६ हा समान छेद दिला की अंश तेच येतात. त्याचे आकडे बरोबर होते, त्यांच्यावर चढवलेले चित्र चुकले होते.

याच क्रमात सहानंतर सात घालून बाल्मरने पाचवी रेषा काढली: सुमारे ३९७ नॅनोमीटर. ती आधीच मोजलेली आहे, हे त्याला बाझेलचे प्राध्यापक हागेनबाख यांच्याकडून कळले. ताऱ्यांच्या प्रकाशात सापडलेल्या पुढच्या रेषाही सूत्रात बसल्या. १८८५ मध्ये सूत्र प्रसिद्ध झाले. रिडबर्गने त्याला व्यापक रूप दिले. २ च्या जागी १ घातल्यावर येणाऱ्या रेषा लायमनला जंबुपार भागात, तर ३ घातल्यावरच्या पाशेनला अवरक्त भागात दिसल्या.

कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. बाल्मरचे १८९८ मध्ये निधन झाले. १९१३ च्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये हान्सेन या सहकाऱ्याने अणूच्या रचनेवर काम करणाऱ्या नील्स बोरला विचारले, तुझा अणू वर्णपटातल्या रेषांबद्दल काय सांगतो? बोरने बाल्मरचे सूत्र पाहिले आणि त्याला वाट सापडली. ३, ४, ५ हे इलेक्ट्रॉनच्या कक्षांचे क्रमांक होते. तिथून इलेक्ट्रॉन क्रमांक २ च्या कक्षेत उतरतो आणि दोन ऊर्जांमधला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. सूत्रातला स्थिरांकही बोरने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक यांवरून काढून दाखवला.

बोरच्या कक्षाही टिकल्या नाहीत. १९२६ मध्ये पाउली आणि श्रोडिंगर यांनी वेगवेगळ्या वाटांनी नव्या पुंजयामिकीतून हायड्रोजनचा अणू सोडवला, आणि दोघांच्या गणिताला पहिली परीक्षा द्यावी लागली ती बाल्मरच्या सूत्राची. निसर्गातली संगती प्रामाणिकपणे टिपणे आणि माहीत नसलेले कारण तिच्यावर न लादणे, हेही विज्ञानातले पहिल्या प्रतीचे काम आहे. बाल्मरने ते इतके चोख केले की अणूची चित्रे बदलत गेली, पण त्याचे ९, १६, २५, ३६ प्रत्येक चित्राला मान्य करावे लागले.