नगरच्या स्टेशनातली मद्रासची वेळ

१/ १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, रेल्वेच्या नकाशावर आले. गाडीसोबत शहरात आणखी एक पाहुणी उतरली : मद्रासची वेळ. घड्याळे जुळवण्याच्या इतिहासावर हा थ्रेड. 🧵

२/ तोवर वेळ ज्या त्या गावाची असे. सूर्य माथ्यावर आला की बारा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. त्या हिशेबाने नगरची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे ८ मिनिटे पुढे आणि मद्रासच्या सुमारे २२ मिनिटे मागे होती.

३/ बैलगाडीचे यामुळे काही अडत नव्हते. एकेरी रुळावर मात्र समोरासमोरून गाड्या येत. दोन स्टेशनांची घड्याळे जुळत नसतील, तर आधी काय घडले, गाडी सुटली की तार आली, हे नोंदींवरून कसे ठरवणार? म्हणून रेल्वेने मद्रास वेधशाळेचे घड्याळ प्रमाण मानले. तिथली वेळ तारेने स्टेशनोस्टेशनी पोहोचे.

४/ मुंबईला हे रुचले नाही. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रास वेळ लादली. १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पुढची कित्येक वर्षे जपली.

५/ दौंड–मनमाड मार्गानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी हाच प्रश्न संगणकांच्या जाळ्यासंदर्भात मांडला : अनेक यंत्रांत विखुरलेल्या घटनांचा क्रम कसा लावायचा?

६/ समजा, एका बँकेच्या शेवगाव शाखेत पैसे भरले आणि लगेच संगमनेरात काढले. सर्व्हरमधले साधे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एखाददुसरा सेकंद सहज चुकते. महिन्याभरात नोंदवहीत पैसे भरण्याआधीच काढलेले दिसू शकतात!

७/ यावरचा उपाय म्हणजे डेव्हिड मिल्स यांचा नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (१९८५). सर्व्हर प्रमाण घड्याळाला वेळ विचारतो. प्रश्न सुटण्याची, पोहोचण्याची, उत्तर निघण्याची आणि परतण्याची अशा चार वेळा नोंदल्या जातात. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागला असे धरून स्वतःच्या घड्याळातली चूक काढली जाते. तारयंत्राचेच काम, फक्त विलंबाचा हिशेब धरून.

८/ सायबर गुन्ह्याचा माग काढतानाही नोंदींचा क्रम लागतोच. म्हणून २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ने आदेश काढला : संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत.

९/ म्हणजे घड्याळे जुळवण्याआधी ‘प्रमाण कोणाचे?’ हे ठरवावे लागते, आणि ते नेहमी सत्ताच ठरवते. मुंबईकरांचे भांडण त्यासाठीच होते. नगरचा सूर्य मात्र अजून जुन्याच वेळेवर चालतो : प्रमाणवेळेनुसार तो सरासरी १२ वाजून ३१ मिनिटांनी माथ्यावर येतो.